स्पिनलॉकची प्रोसेसरनिहाय जुळवणी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये सामायिक माहितीला एका वेळी एकाच प्रोसेसरने हात लावावा, म्हणून तिला कुलूप घालतात. कुलूप दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर मागणाऱ्याला दोन मार्ग असतात : ते सुटले का हे तपासत जागेवरच फेऱ्या मारणे (स्पिन; असे कुलूप म्हणजे स्पिनलॉक), किंवा झोपी जाऊन प्रोसेसर दुसऱ्या कामाला देणे. किती फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीत कसे थांबावे, हे प्रोसेसरच्या घडणीवरून ठरवणे म्हणजे ही जुळवणी.

पेडणे तालुक्यातील केरीच्या धक्क्यावर तेरेखोलची फेरीबोट नुकतीच सुटलेली दिसली, की हाच प्रश्न पडतो. केरी गावातला माणूस घरी जाऊन परत येईल. डिचोलीहून आलेल्याने धक्क्यावरच थांबावे. बोट तीच, पण माघारी जाण्याचा खर्च प्रत्येकाचा वेगळा. ॲना कार्लिन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याच तत्त्वाची प्रत्यक्ष यंत्रणेवर चाचणी घेतली : झोपून उठायला जेवढा वेळ जातो तेवढाच वेळ फेऱ्या माराव्यात. मग वाईटात वाईट प्रसंगीही खर्च आदर्श निर्णयाच्या दुपटीपलीकडे जात नाही.

पण फेऱ्यांची संख्या म्हणजे वेळ नव्हे, आणि खरी चूक इथेच होते. इंटेलच्या प्रोसेसरवर प्रत्येक फेरीत ‘पॉज’ ही सूचना देतात. तिच्यामुळे वीज वाचते आणि त्याच गाभ्यावर (कोअर) चालणाऱ्या जोडधाग्याला (थ्रेड) वाव मिळतो. स्कायलेकच्या आधीच्या पिढ्यांत तिला सुमारे १० घड्याळचक्रे लागत. २०१५ च्या स्कायलेकपासून ती जवळपास १४० झाली. प्रोग्रॅममधला आकडा जुनाच राहिला आणि प्रतीक्षा मात्र चौदापट लांबली. आर्म प्रोसेसर ‘डब्ल्यूएफई’ सूचनेने कुलपाच्या जागेत बदल होईपर्यंत स्वस्थ राहू शकतो. पॉवर प्रोसेसरवर थांबलेल्या धाग्याचा अग्रक्रम उतरवतात. आयबीएमच्या मेनफ्रेमवर आभासी प्रोसेसर आपली पाळी थेट कुलूपधारकाला देऊ शकतो. तिथे लिनक्समध्ये फेऱ्यांची मर्यादा बदलण्यासाठी ‘स्पिन रिट्राय’ हा स्वतंत्र मापदंडही आहे.

सगळे एकाच जागेकडे टक लावून बसले, की कॅशमध्ये त्या जागेची ओढाताण सुरू होते. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांच्या १९९१ मधील एमसीएस कुलपाने प्रत्येकाला पाहण्यासाठी स्वतःची जागा दिली. लिनक्सने एक्स८६ (इंटेल घराण्याच्या) प्रोसेसरांसाठी २००८ मध्ये क्रमांक-चिठ्ठीचे कुलूप (टिकट लॉक) घेतले आणि २०१५ मध्ये, ४.२ आवृत्तीत, एमसीएसवर आधारलेली रांग. ६४-बिट आर्मसाठी ती रांग यायला २०१८ उजाडले, कारण तिथे वेगळी पारख आवश्यक होती.

एकाच प्रोसेसरच्या यंत्रावर स्पिन निरर्थक ठरतो. मागणारा फिरत असेपर्यंत कुलूपधारकाला चालायला जागाच नसते. आणि स्मृतीच सामायिक नसेल, तर असे कुलूप लागतच नाही : पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक ट्रान्सप्युटरची (म्हणजे प्रोसेसरची) स्मृती स्वतंत्र होती. ते एकमेकांना निरोप पाठवत, आणि निरोपासाठी थांबलेली प्रक्रिया प्रोसेसरचा वेळ अजिबात खात नसे.