‘दोन आठवडे थांबा’ : लस घेण्याचा निर्णय इतिहासात कसा वाचायचा?



संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. “ताई, कोविडमध्ये खेड्यातले लोक लस घेत नव्हते, त्यावर विषय घ्यायचाय. अज्ञान आणि अफवा हे कारण.” विषय चांगला आहे. पण यातलं दुसरं वाक्य पुन्हा वाचा. कारण आधीच ठरलंय! मग पुढची चार-पाच वर्षं शोधायचं काय?

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता साथींच्या इतिहासावर पीएचडी करतेय. सुरुवातीला मीही असाच प्रस्ताव लिहिला होता. तो का फाडावा लागला ते आज सांगते. त्यासाठी आधी १८९७ च्या मुंबईत जाऊ, मग आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये येऊ.

भायखळ्याच्या तुरुंगातला हिशेब

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. कॉलऱ्याच्या लसीवर काम करणारे वॉल्डेमार हाफकिन यांना सरकारने मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत, जेमतेम तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथले साधारण निम्मे कैदी टोचून घ्यायला पुढे आले.

निकाल असा नोंदवला गेला : न टोचलेले १७२, त्यात १२ जणांना प्लेग, ६ मृत्यू. टोचलेले १४७, त्यात २ जणांना प्लेग, मृत्यू एकही नाही. टोचलं त्याच दिवशी ज्यांना आजार दिसला त्यांना हिशेबातून वगळलं होतं. (आकडा बघितला की त्यातून कोणाला वगळलंय हे आधी विचारायचं. ही सवय आत्ताच लावून घ्या.)

विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मी हे कोष्टक बघून खूश झाले होते. लस चालते, विषय संपला. पण आता याच कोष्टकाकडे कैद्याच्या बाजूने बघा. न टोचलेल्या १७२ पैकी १६० जणांना प्लेग झालाच नाही. त्यातला एखादा बाहेर येऊन गावात काय सांगेल? “मी नाही घेतली, मला काही झालं नाही.” तो खोटं बोलत नाही. त्याचा अनुभव खराच आहे. लसीचा फायदा दिसतो तो शेकड्यांच्या मोजणीत, आणि दंड पुढे करायचा असतो एकेकट्या माणसाने. या दोन गोष्टींमधलं अंतर म्हणजे आपला विषय.

मुल्कोवालनंतरची पाच वर्षं

हा कैदी १८९७ चा. आता १९०३ मधल्या एखाद्या माणसाचा विचार करा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल नावाच्या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडल्यावर, यावर वाद झाला आणि दोष प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य होऊन हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. पुढे १९२५ मध्ये त्यांच्याच नावाने परळची संस्था ओळखली जाऊ लागली.

आज आपल्याला पूर्ण गोष्ट माहीत आहे. पण १९०३ मध्ये ज्याच्या दारात टोचणीवाला उभा होता त्याला शेवट माहीत नव्हता. एकोणीस माणसं गेली एवढंच त्याच्या कानावर आलेलं. त्याने हात मागे घेतला तर त्याला अडाणी म्हणायचं का? निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी माणसाला जे ठाऊक होतं, त्यावरच तो वाचायला हवा. नंतर आलेलं शहाणपण त्याच्या खात्यात टाकता येत नाही.

उलट बाजूही बघा. ज्यांनी टोचून घेतलं त्यांचा सगळ्यांचा लसीवर विश्वास होता का? मुंबई इलाख्यात काही ठिकाणी टोचल्याचा दाखला असेल तर विलगीकरणातून सूट मिळायची. घरझडत्या आणि प्लेग कॅम्प यांची लोकांना किती धास्ती होती हे रँडच्या काळातल्या पुण्याबद्दल आपण शाळेतच वाचलंय. कॅम्प टाळायला हात पुढे करणारे लोकही ‘टोचलेले’ या रकान्यात मोजले गेले. २०२१ मध्ये वेगळं काय घडलं? १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल दोन डोस झालेल्यांना खुली झाली. ऑक्टोबरमध्ये आपल्या जिल्ह्यात रुग्ण जास्त असलेल्या ६१ गावांत ४ ते १३ तारखेपर्यंत कडक टाळेबंदी लागली. दुकान उघडायचंय, पोरीला भेटायला ठाण्याला जायचंय म्हणून लस घेतलेली माणसं तुम्हालाही माहीत असतील. लसीकरणाचा आकडा हा विश्वासाचा आकडा नव्हे, हे वहीत लिहून ठेवा.

आजीच्या दंडावरची खूण

आमचं घर पारनेर तालुक्यात. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, ऑनलाइन तास करत घरीच होते. आजीसमोर मी रीतसर व्याख्यान दिलं. प्रतिपिंडं, परिणामकारकता, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कांदा निघू दे मग बघू.”

मी चिडले. डायरीत लिहिलं, “आजी घाबरते.” ती डायरी आज समोर आहे आणि ते वाक्य साफ चूक आहे. आजीच्या दंडावर देवीच्या लशीची गोल खूण आहे. ‘देवी काढायला’ माणूस गावात यायचा तेव्हा ती लहान होती. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, म्हणजे लस आणि त्या लसीने गेलेला रोग हे दोन्ही तिने डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यापेक्षा तिचा पुरावा पक्का! तिचं गणित वेगळं होतं. लस घेतली की दोन दिवस ताप येतो हे गावभर झालं होतं. उन्हाळ कांदा काढणीला आलेला, बायका सांगून ठेवलेल्या, गाईंच्या धारा तिच्याच हाताला सवयीच्या. दोन दिवस ती झोपली तर काम कोण करणार? याचं उत्तर माझ्या व्याख्यानात नव्हतं.

तिचा निर्णय फिरवला आशाताईंनी. त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, “मी घेतली, माझ्या सासूबाईंनी घेतली. दोन दिवस अंग मोडून आलं, तिसऱ्या दिवशी खुरपायला गेल्या.” कांदा वखारीत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आजी केंद्रावर गेली. लसीकरणाच्या यादीत तिच्या नावापुढे फक्त तारीख आहे. ती तारीख कांद्याने ठरवली, हे कुठल्याच कागदात नाही.

मामांचा मेसेज

आता अवघड भाग. माझे मामा नेवासा तालुक्यात, ऊसवाले. वय ४७. १ एप्रिल २०२१ पासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले की मी मामांना “घ्या, घ्या” म्हणत होते आणि त्यांनी ऐकलं नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते आजारी पडले. ऑक्सिजनचा बेड शोधण्यात दोन दिवस गेले. मे उजाडला आणि मामा गेले.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मुलाखतींचा सराव करताना मार्गदर्शकांनी सांगितलं, आधी स्वतःचीच मुलाखत घ्या आणि ती तारखेच्या कागदाशी ताडून बघा. मी जुन्या फोनचा बॅकअप उघडला. ८ एप्रिल २०२१, माझा मामांना मेसेज : “मामा, ते युरोपातलं रक्ताच्या गुठळ्यांचं काय ते स्पष्ट होऊ द्या. दोन आठवडे थांबलात तरी चालेल.” खाली दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचलेला.

ज्यांना मी माझ्या प्रस्तावात ‘लसीबाबत साशंक’ म्हणणार होते, त्यांत पहिलं नाव माझं होतं. आणि मला ते आठवतच नव्हतं.

त्या दिवशी मला काय माहीत होतं? मार्चमध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांनी ऍस्ट्राझेनेकाची लस काही दिवस थांबवली होती. तीच आपल्याकडची कोव्हिशील्ड. ७ एप्रिलला युरोपच्या औषध नियामकांनी सांगितलं की गुठळ्यांचा संबंध असू शकतो, पण तो फार दुर्मिळ आहे आणि फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. मी वाक्याचा पहिला अर्धा भाग धरला. लाखात एखाद-दोन असा धोका, आणि समोर गावोगाव पेटलेली दुसरी लाट. हा हिशेब मला यायला हवा होता. कोष्टक वाचता येणारी घरात मीच होते.

मग मी मामींकडे गेले. रेकॉर्डर ठेवला, परवानगी घेतली आणि विचारलं. मामी म्हणाल्या, “अगं, ते गेले होते की एकदा. लसच नव्हती, माघारी आले. मग कालव्याला पाणी सुटलं, रात्री दारं धरायला जायचे. म्हणाले, आवर्तन संपलं की जाऊ.” हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या आठवड्यात महाराष्ट्रात साठा संपून बरीच केंद्रं बंद ठेवावी लागली होती, हे मी वर्तमानपत्रांत वाचलंही होतं. पण ते मामांशी जोडलं नव्हतं.

म्हणजे एका माणसाच्या एका निर्णयाबद्दल माझ्याकडे तीन पुरावे झाले. माझी आठवण सांगते, त्यांनी ऐकलं नाही. मेसेज सांगतो, मीच थांबा म्हटलं. मामी सांगतात, लस नव्हती आणि मग पाणी सुटलं. मामींचं ऐकून माझा मेसेज पुसला जात नाही. मेसेज आहे म्हणून मामींचं म्हणणं खोटं ठरत नाही. मामा स्वतः काय म्हणाले असते हा चौथा पुरावा कधीच मिळणार नाही.

लस घेतली असती तर वाचले असते का? १० एप्रिलला पहिला डोस आणि दहा-बारा दिवसांत आजार, एवढ्या अवधीत संरक्षण अपुरंच असतं. शंभर जणांबद्दल विचाराल तर विज्ञान उत्तर देईल. मामांबद्दल ते देऊ शकत नाही. भायखळ्याच्या कोष्टकातल्या त्या ६ मृतांपैकी कोण वाचला असता हेही ते सांगू शकत नाही. ही मर्यादा मान्य करूनच मी कामाला लागले.

मग तुम्ही काय करायचं?

साथींच्या इतिहासावर किंवा अशा कुठल्याही विषयावर काम करणार असाल तर या चार गोष्टी करून बघा.

एक, “लस का घेतली नाही?” असं विचारू नका. त्या प्रश्नात आरोप आहे, उत्तरादाखल सबब मिळते. “त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं?” असं विचारा. कांदा, आवर्तन, लग्न, पगार सगळं बाहेर येतं.

दोन, प्रत्येक आठवणीला तारखेचा एक कागद शोधा. लसीचं प्रमाणपत्र, मेसेज, दूध डेअरीची वही, काहीही. आठवण खोटी म्हणून नव्हे. ती कुठे वळली हे कळावं म्हणून.

तीन, त्या तारखेपर्यंत काय माहीत होतं याची यादी करा आणि नंतर कळलेलं वेगळ्या पानावर लिहा. मुल्कोवालसाठी १९०७ ही रेघ आहे. तुमच्या विषयात ती कुठे आहे ते शोधा.

चार, स्वतःची मुलाखत आधी घ्या. मी घेतली नसती तर माझा प्रबंध नेवाशाच्या एका ऊसवाल्याला अडाणी ठरवून मोकळा झाला असता.

ती मुलाखत लिहून काढल्यावर मी मामींना वाचून दाखवली, माझ्या मेसेजसकट. त्यांनी ऐकलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “राहू दे ते लिहिलेलं. खोडू नको.” प्रबंधात नाव-गाव बदलून ते तसंच ठेवलंय.

पुढच्या लेखात मुलाखतीची संमती कशी घ्यायची आणि नावं कशी झाकायची त्याबद्दल बोलू. तोवर जुन्या फोनचा बॅकअप शोधून ठेवा.