कंपनीचा दातांचा विमा: घ्यायचा की राहू द्यायचा?

रामवाडीच्या एसटी स्थानकातून डोलवी, नागोठणे, धाटावच्या कारखान्यांकडे कामाला जाणारे आपल्यातले बरेच जण आहेत. कंपनीच्या मेडिक्लेमचे वर्ष संपत आले की काही ठिकाणी एचआरकडून एक फॉर्म हातात पडतो. ओपीडी आणि डेंटल हवे असेल तर टिक करा, रक्कम पगारातून कापली जाईल. कुणी न वाचताच टिक करतो, तर कुणी 'दाताला कसला विमा?' म्हणून फॉर्म तसाच परत देतो. दोन्हीच्या आधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसावे, असे आमचे मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. 'कंपनीचा मेडिक्लेम आहे, मग दातही त्यातच आले' असे अनेकांना वाटते. पण साधा मेडिक्लेम हा मुख्यतः दवाखान्यात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो, आणि दातांचे काम खुर्चीत बसून तासाभरात होते. त्यामुळे दात काढणे, सिमेंट भरणे, रूट कॅनल, कॅप, कवळी हे बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. बाइकवरून पडून जबडा मोडला आणि दाखल व्हावे लागले, तर तो खर्च साधारणपणे मिळतो. तोंडाच्या कॅन्सरवर दाखल होऊन केलेले उपचारही मेडिक्लेममध्येच येतात, त्यासाठी डेंटलची टिक लागत नाही. (मिश्री लावणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांनी आणि गुटखा खाणाऱ्या पोरांनी तोंडातला बरा न होणारा छाला वेळीच दाखवावा, हे जाता जाता.)

आता हिशेब. आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा नवरा, बायको, दोन मुले मिळून महिन्याला २५० रुपये कापले जातात, म्हणजे वर्षाला ३,०००. वर्षाची मर्यादा १०,००० आणि प्रत्येक बिलातले २० टक्के आपण भरायचे. वर्षभरात दोघांचे दात साफ केले आणि एका मुलाच्या दाढेत सिमेंट भरले, बिल झाले २,६००. विम्यातून मिळाले २,०८०. म्हणजे ९२० रुपये आपल्याच खिशातून जास्त गेले.

दुसऱ्या वर्षी रूट कॅनल निघाले: ४,००० उपचाराचे, ४,००० कॅपचे. दोन्ही मान्य झाले तर ६,४०० मिळतात आणि विमा परवडला. पण कॅप वगळलेली असेल तर हातात येतात फक्त ३,२००. हप्ता वजा जाता फायदा २०० रुपयांचा! सगळी मेख इथे आहे. 'डेंटल आहे' एवढे ऐकून भागत नाही, त्यात काय काय येते ते विचारावे लागते. कॅप, कवळी, इम्प्लांट, दातांच्या तारा यांची नावे घेऊन विचारा. आधीपासून किडलेला दात पहिल्या दिवसापासून चालतो की थांबावे लागते, तेही विचारा. उत्तर तोंडी नको, ईमेलवर घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. कॅशलेस दवाखान्यांची यादी मागून घ्या. पेणमधला एकही दवाखाना त्यात नसेल आणि पनवेल-खारघर गाठायचे असेल, तर रूट कॅनलच्या तीन फेऱ्यांत गाडीभाडे आणि बुडालेली खाडे यांतच फायदा संपतो. बिल आधी भरून नंतर पैसे मागायची सोय असेल तर मग ठीक.

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा कारखाना ईएसआयमध्ये आहे, त्यांच्या पगारातून ०.७५ टक्के आधीच जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. ईएसआयमध्ये ओपीडीचे उपचार कुटुंबालाही मिळतात आणि त्यांच्या रुग्णालयांत दातांचे विभाग असतात. अशा घराने वेगळा हप्ता भरण्याआधी तिथे जाऊन बघावे. मोठे काम असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. पुण्याकडे नातेवाईक असतील तर आझम कॅम्पसमधले रंगूनवाला दंत महाविद्यालयही आहे.

गंमत म्हणजे हा विमा कामगारांच्याच मागणीतून आला. १९५४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने मुलांच्या दातांसाठी सोय मागितली आणि तिथून त्याची सुरुवात झाली. आजही तिथे बहुतेक पॉलिसींची वर्षाची मर्यादा १,००० ते २,००० डॉलरच्या आसपास असते. मोठे संकट पेलण्यासाठी हा विमा नाहीच, तो नेहमीच्या खर्चाला थोडा टेकू आहे. अमेरिकेत किंवा आखातात नोकरी असलेल्यांनी मात्र वेगळा विचार करावा. तिथे दातांचे बिल इतके मोठे येते की मालक हप्ता भरत असेल तर नाकारायचे कारण आम्हाला दिसत नाही.

विमा जायज की नाजायज, हा प्रश्नही घरोघरी निघतो. जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर सहकारावरचा विमा जायज ठरवला. मालकाने स्वतःहून दिलेली सवलत आणि आपण हौसेने पगारातून कापून घेतलेला हप्ता, यांत फरक करणारे उलेमा आहेत. म्हणून आपल्या मौलानांना विचारताना पैसे कोण भरतो ते आधी सांगा, नाहीतर उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे मिळेल.

आमचा कल असा: पूर्ण हप्ता कंपनी भरत असेल आणि शंका उरली नसेल, तर घ्या आणि वर्षातून एकदा दात साफ करून घेऊन तो वापरा. पैसे आपले जात असतील आणि घरात सगळ्यांचे दात धड असतील, तर तेच २५० रुपये महिन्याला बाजूला टाका. मात्र डॉक्टरांनी रूट कॅनल सांगून ठेवले असेल, तर त्यांच्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि फॉर्मची शेवटची तारीख उलटायच्या आत तो एचआरच्या टेबलावर ठेवून विचारा: यातले किती मिळणार?