मांडीवरचं वाद्य: डल्सिमरची कुळकथा

अमेरिकेत लोकसंगीताची एक दिवसाची कार्यशाळा भरते तेव्हा फिडल, बँजो, गिटार यांच्या वर्गांशेजारी बहुधा डल्सिमरचाही एक वर्ग असतो. त्यात येणाऱ्या अनेकांनी आयुष्यात कधी वाद्य हातात धरलेलं नसतं. पुष्कळदा वाद्यही दिवसभरापुरतं उसनं मिळतं. तरी सकाळी पहिल्यांदा तार छेडलेला माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत एखादी सोपी चाल सुरात वाजवू लागतो. फिडलच्या वर्गात तेवढ्या वेळात गज धड धरणंही जमत नाही. शिकवणाऱ्याचं कसब यात आहेच, पण मोठा वाटा वाद्याच्या घडणीचा आहे. ज्यांना गुरू मिळण्याची शक्यता नव्हती, अशा माणसांच्या घरांत हे वाद्य घडलं. गेल्या चारशे वर्षांत त्यात जे आलं आणि जे मुद्दाम आलंच नाही, त्यातून त्याचा सोपेपणा तयार झाला.

आधी वाद्य पाहू. लाकडाची एक लांबट, अरुंद पेटी, साधारण अडीच-तीन फुटांची. तिच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उंच पट्टी बसवलेली असते. पट्टीवर पडदे आणि पडद्यांवरून तीन तारा. कधी चार असतात, पण चौथी ही पहिलीचीच जोडतार. वाद्य मांडीवर आडवं ठेवायचं. वाजवणाऱ्याच्या सगळ्यात जवळची तार चालीची. उरलेल्या दोन तारांवर बोट ठेवायचं नाही, त्या मोकळ्याच झंकारत राहतात. एक खर्जाचा षड्ज, दुसरी पंचम. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही.

पडद्यांकडे पाहिलं की त्यांची अंतरं विषम दिसतात: दोन रुंद, एक अरुंद, पुन्हा दोन रुंद, एक अरुंद. गिटारीवर सप्तकातले बाराही सूर असतात. इथे सातच ठेवले आहेत. जो सूर चालीत लागणारच नाही, त्याला पडदाच नाही. नवख्याचं बोट चुकलं तरी ते त्याच सप्तकातल्या शेजारच्या सुरावर पडतं, आणि षड्ज-पंचम खाली घुमत असल्यामुळे तो सूरही कानाला खटकत नाही.

डल्सिमर हे नाव आणखी एका वाद्याला आहे, त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. चौकोनी पेटीवर डझनावारी तारा ताणून त्यांवर काड्यांनी आघात करतात तोही डल्सिमरच. इराणचा संतूर, हंगेरीचा सिंबालोम आणि पंडित शिवकुमार शर्मांनी मुंबईत राहून मैफलीच्या व्यासपीठावर प्रतिष्ठित केलेला काश्मिरी संतूर हे सगळे त्याच्या घराण्यातले. मांडीवरच्या डल्सिमरचं त्यांच्याशी नावापलीकडे नातं नाही. त्याचं कूळ शोधायला जर्मनीत जावं लागतं.

जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियस यांनी १६१९ साली आपल्या ‘सिंटाग्मा म्यूझिकुम’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात त्या काळच्या वाद्यांची नोंद केली. तिथे ‘शाइटहोल्ट’ नावाचं एक वाद्य भेटतं. ते दिसतं सरपणाच्या ओंडक्यासारखं. पातळ फळ्या जोडून केलेली अरुंद पेटी, तीन-चार तारा आणि पितळी पडदे. प्रेटोरियस याला भिकाऱ्या-भटक्यांच्या वाद्यांत काढतात, तरी ते फारसं कुणाला ठाऊक नाही म्हणून नोंद करतात. वाजवण्याची रीतही ते सांगतात. उजव्या अंगठ्याने सगळ्या तारा एकदम छेडायच्या आणि डाव्या हातातली गुळगुळीत काडी पुढच्या तारेवरून सरकवत चाल काढायची. आजच्या कार्यशाळेत जुन्या पद्धतीचा डल्सिमर शिकवतात, तेव्हा डाव्या हातात अशीच काडी देतात. तिला ‘नोटर’ म्हणतात. दरबारी संगीताने ज्याची दखल घेतली नाही, त्या वाद्याची डाव्या हाताची रीत चारशे वर्षं जशीच्या तशी टिकली आहे.

शाइटहोल्टची भावंडं उत्तर युरोपभर पसरलेली होती. नॉर्वेत ‘लांगेलाइक’, स्वीडनमध्ये ‘हुम्मेल’, आइसलँडमध्ये ‘लांगस्पिल’, फ्रान्सच्या व्होज डोंगरांत ‘एपिनेत’. नॉर्वेतलं एक लांगेलाइक तर १५२४ सालचं मानलं जातं. आकार निरनिराळे, पण बेत एकच: एका तारेवर चाल आणि बाकीच्या तारांवर अखंड धरलेला सूर. आपल्याकडे वासुदेव-गोंधळ्यांपासून कीर्तनापर्यंत एकतारी, तुणतुणं, वीणा यांनी सुराची जी जागा धरली, तीच इथे मोकळ्या तारांनी धरली आहे. एकटा गाणारा माणूस कुठलाही असो, त्याला पायाखाली एक स्थिर सूर लागतो.

अठराव्या शतकात जर्मन कुटुंबं मोठ्या संख्येने पेन्सिल्व्हेनियात येऊन वसली. त्यांच्या सामानात शाइटहोल्ट होतं आणि इथे आल्यावरही ते बनवलं जात होतं. हेन्री मर्सर यांनी डॉयल्सटाउन इथल्या आपल्या संग्रहालयासाठी जुन्या घरांतली हत्यारं-भांडी जमवताना ही वाद्यंही जमवली, म्हणून त्यांचा पुरावा आज हाताशी आहे. फिलाडेल्फियाहून दक्षिणेकडे शेननडोआ खोऱ्यातून जाणाऱ्या ‘ग्रेट वॅगन रोड’ने जर्मन कुटुंबं पुढे सरकली. त्याच वाटेने अल्स्टरकडून आलेली स्कॉट्स-आयरिश कुटुंबंही व्हर्जिनिया आणि कॅरोलायनाच्या डोंगरांकडे निघाली होती. जर्मनांकडे वाद्य होतं, तर या शेजाऱ्यांकडे लांबलचक कथागीतं आणि फिडलच्या चाली. अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या वस्त्यांत दोन्ही एकत्र आलं.

इथे वाद्याचा कायापालट झाला. शाइटहोल्टचे पडदे थेट पेटीच्या कडेवर ठोकलेले असत. डोंगरातल्या कारागिरांनी पेटी रुंद केली आणि पडद्यांसाठी मधोमध वेगळी उंच पट्टी चढवली. पेटी रुंद झाल्याने आवाज भरला. मग आकार खुलले. व्हर्जिनियात पोट एकाच बाजूला फुगत जाणारा, तर केंटकीत मध्ये कंबर असलेला. लाकूड रानातलंच, अक्रोड, पॉप्लर, चेरी. गिटारीसारखी वेगळी मान जोडायची नाही की फिडलसारखी फळी कोरून उंचवायची नाही. घरची हत्यारं चालवता येणाऱ्या सुताराला हे काम आवाक्यातलं होतं. पडद्यांची युक्ती तर जवळून पाहण्यासारखी आहे. तारेचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्याची दोन्ही टोकं स्टेपलच्या पिनेसारखी वाकवायची आणि पट्टीत ठोकायची. हा पडदा पट्टीच्या पूर्ण रुंदीचा नसे, फक्त चालीच्या तारेखाली येई. बाकीच्या तारा दाबायच्याच नव्हत्या, तर त्यांच्याखाली धातू कशाला घालायचा?

सातच सुरांचे पडदे, मग सगळी गाणी एकाच सप्तकात अडकत नाहीत का? याचं उत्तर आपल्या संगीतशास्त्रात मूर्च्छना म्हणून ओळखीचं आहे. सूर तेच ठेवायचे आणि षड्ज दुसऱ्या सुरावर मांडायचा, म्हणजे स्वरांतरांचा क्रम बदलतो. डल्सिमरवादक पडदे हलवत नाही, चालीच्या तारेची खुंटी पिळतो. ही तार मधल्या तारेच्या पंचमाशी मिळवली की षड्ज तिसऱ्या पडद्यावर येतो आणि तिथून बिलावल थाटाचे सूर मिळतात. तीच तार वरच्या षड्जाला लावली की मोकळ्या तारेपासून खमाज सुरू होतो. कोमल निषादाला लावली तर षड्ज पहिल्या पडद्यावर येऊन आसावरी, मध्यमावर उतरवली तर षड्ज चौथ्या पडद्यावर येऊन काफी. भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी सहा या पडद्यांवर बसतात. डोंगरातल्या वादकाला यातलं शास्त्र सांगता आलं नसतं. अमुक गाण्याला तार अमुक लावायची, हे त्याला घरातल्या मोठ्यांकडून ठाऊक असे आणि गाणं बदललं की त्याचा हात आपोआप खुंटीकडे जाई. पडदे कमी केल्याने जे गमावलं असं वाटतं, त्यातलं बरंच खुंटीने परत मिळवलं.

केंटकीतल्या नॉट काउंटीतले जेम्स एडवर्ड टॉमस (१८५०–१९३३) हे या वाद्याच्या इतिहासातले सर्वात महत्त्वाचे कारागीर. १८७१ पासून साठ वर्षांच्या आसपास त्यांनी डल्सिमर बनवले, एकूण सुमारे दीड हजार. प्रत्येकावर क्रमांक घातला. कंबरेचा डौलदार आकार आणि बदामाच्या आकाराची ध्वनिरंध्रं ही त्यांच्या वाद्यांची ओळख. आज डल्सिमर म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते पुष्कळसं त्यांच्या हातचं आहे. त्यांच्याकडून जेथ्रो अँबर्गी हे काम शिकले.

टॉमस यांचं वाद्य डोंगराबाहेर पोचलं ते शाळांमुळे. कॅथरीन पेटिट आणि मे स्टोन यांनी १९०२ साली नॉट काउंटीत हिंडमन सेटलमेंट स्कूल सुरू केलं. अशा शाळांत अक्षरओळखीइतकंच विणकाम, सुतारकाम आणि स्थानिक गाणी यांना महत्त्व होतं. अँबर्गी यांनी पुढे हिंडमनमध्येच सुतारकाम शिकवलं. भेटीला येणारे शहरी पाहुणे, शिक्षक आणि गीतसंग्राहक परतताना डल्सिमर घेऊन जात. इंग्रज संग्राहक सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात या डोंगरांत फिरले आणि त्यांनी शेकडो ब्रिटिश कथागीतं इथल्या लोकांच्या तोंडून उतरवून घेतली. गाणी ब्रिटिश, तेव्हा वाद्यही एलिझाबेथ राणीच्या काळातलं ब्रिटिशच असणार, असा समज मग रूढ झाला. शाळांना मदत देणाऱ्या शहरी मंडळींनाही ही कथा भावली. प्रत्यक्षात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये असल्या वाद्याचा मागमूस नव्हता. पेन्सिल्व्हेनियातली जर्मन वाद्यं आणि डोंगरातल्या जुन्या पेट्या शेजारी ठेवून, मापं घेऊन, अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वंशावळ नीट लावली. अ‍ॅलन स्मिथ आणि राल्फ ली स्मिथ यांचं काम यात मोलाचं आहे. जर्मन खेडुतांचं हे ऋण इतकी वर्षं दुसऱ्याच्या खात्यावर मांडलं गेलं होतं. ते दुरुस्त झालं हे फार बरं झालं.

नॉट काउंटीला लागून असलेल्या पेरी काउंटीतल्या व्हायपर गावात १९२२ साली जीन रिची जन्मल्या, चौदा भावंडांतल्या सर्वात धाकट्या. वडील बॅलिस रिची डल्सिमर वाजवत, पण मुलांनी त्याला हात लावायचा नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. पाच-सहा वर्षांची जीन कुणी नसताना ते गुपचूप काढून वाजवी. पुढे वडील शिकवायला बसले तेव्हा मुलीचा हात इतका पटकन बसलेला पाहून ते चकित झाले. १९४७ साली रिची न्यूयॉर्कला हेन्री स्ट्रीट सेटलमेंटमध्ये समाजकार्यासाठी गेल्या. तिथल्या मुलांना गाणी शिकवताना डल्सिमर सोबत असे. लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, मैफली होऊ लागल्या आणि ऐकणाऱ्यांकडून वाद्याची मागणी येऊ लागली. मग पती जॉर्ज पिकॉ आणि त्यांचे काका यांच्यासह रिची यांनी ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्ग पुलाखाली डल्सिमर बनवायला घेतले. १९६३ साली त्यांचं ‘द डल्सिमर बुक’ आलं. वाद्य कसं लावायचं, धरायचं, वाजवायचं हे त्यात घरच्या सुरात सांगितलं आहे. डोंगरातलं घर ज्याला लाभलं नाही, त्याच्या हाती आता ते घरचं शिक्षण आलं. आजच्या कार्यशाळांचं मूळ माझ्या मते इथे आहे.

त्यानंतर वाद्य झपाट्याने पसरलं. १९६६ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘लेडी जेन’मध्ये ब्रायन जोन्स यांनी ते वाजवलं, १९७१ साली जोनी मिचेल यांच्या ‘ब्लू’मध्ये ते ऐकू आलं. नव्या वादकांना तिन्ही तारांवर बोटं ठेवून कॉर्ड वाजवायचे होते, म्हणून पडदे पट्टीच्या पूर्ण रुंदीचे झाले. दर गाण्याला तार पिळायला नको म्हणून सहाव्या आणि सातव्या पडद्यामध्ये एक जादा पडदा आला. त्याचं नाव ‘साडेसहा’. खमाजात लावलेल्या तारेवर कोमल निषादाच्या शेजारी शुद्ध निषाद मिळाला आणि एकाच लावणीत बिलावलही वाजू लागला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डल्सिमरांवर हा पडदा असतो. जुन्या पद्धतीच्या काही वादकांना तो रुचत नाही आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, कारण त्यामुळे खुंटी पिळून सप्तक बदलण्याची कला मागे पडली.

कार्यशाळेच्या पहिल्या तासाला यातलं बहुतेक सगळं हजर असतं. पडद्यांना आकडे दिलेले असतात आणि चाल आकड्यांतच लिहून देतात, त्यामुळे स्वरलिपी येत नसली तरी अडत नाही. उजव्या हातात नखी येते. जुने लोक टर्कीच्या पिसाचा देठ तासून वापरत. डाव्या हातातली नोटर बोटभर लांबीची, बांबूची किंवा कठीण लाकडाची. ती मुठीत आवळायची नसते. अंगठा वर टेकवायचा, तर्जनीचं टोक पट्टीच्या कडेला लावायचं आणि त्या कडेच्या आधाराने काडी सरकवायची. काडी पडद्यावर नव्हे, त्याच्या किंचित डावीकडे थांबली की सूर स्वच्छ निघतो. सूर बदलताना ती उचलायची नसते. एका सुरातून दुसऱ्यात सरकताना जी हलकी मींड येते, तीच या वाद्याची बोली.

केंटकी राज्याने २००१ साली डल्सिमरला आपलं अधिकृत राज्यवाद्य केलं. हिंडमनमध्ये आजही वाद्यं घडतात. जुलै २०२२ च्या महापुरात ट्रबलसम क्रीकने गावाची आणि वाद्यांच्या कारखान्याची मोठी हानी केली, पण काम पुन्हा उभं राहिलं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला अशा वर्गात बसण्याची संधी मिळाली, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: पहिल्याच दिवशी कॉर्डच्या मागे लागू नका. नोटर घ्या, चाल एकाच तारेवर वाजवा आणि उरलेल्या दोन तारांना बोलू द्या. पेन्सिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याने, टॉमस यांच्या गिऱ्हाइकांनी आणि व्हायपरच्या त्या लहान मुलीने इथूनच सुरुवात केली. कॉर्ड नंतरही शिकता येतात. षड्ज-पंचमाच्या सोबतीने एक साधी चाल पुरती आपली करणं ही या वाद्याची पहिली विद्या आहे, आणि ती एका दिवसात पदरात पडावी अशीच त्याची बांधणी आहे.