वाळीत पडलेला आयपी क्रमांक

एकच मजकूर एकाच वेळी हजारोंना धाडणे, म्हणजे घाऊक ई-मेल, हा उपद्रव भारतात इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपी या मेल वाहून नेण्याच्या नियमावलीतही पाठवणारा सांगेल तो पत्ता खरा मानला जाई. त्यामुळे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही शहरांत इंटरनेट खुले केले, तेव्हा त्याबरोबर ही उणीवही आली.

यावर पहिला परिणामकारक उपाय सरकारांनी नव्हे, तर सर्व्हर चालवणाऱ्यांनीच काढला. उपद्रवी आयपी क्रमांकांची पॉल व्हिक्सी यांची काळी यादी १९९७ मध्ये, तर स्टीव्ह लिनफोर्ड यांची स्पॅमहाउस ही संस्था १९९८ मध्ये सुरू झाली. मेल घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याचा आयपी क्रमांक उलटा मांडतो, म्हणजे १९२.०.२.७ चा ७.२.०.१९२ करतो, त्यापुढे यादीचे नाव जोडून डीएनएस या इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीला विचारतो आणि १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले, म्हणजे क्रमांक यादीत असला, की मेल दारातूनच परत करतो.

ही शिक्षा माणसाला नव्हे, क्रमांकाला होते, आणि संकेतस्थळांना सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग व्यवसायाची खरी अडचण येथेच आहे. सामायिक सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकाच क्रमांकावरून मेल पाठवतात. त्यांपैकी एकाने विकत घेतलेल्या पत्त्यांवर जाहिरातींचा मारा केला, तर त्याच सर्व्हरवर खाते असलेल्या आशागडच्या एखाद्या चिकू व्यापाऱ्याचे बिलही वाशीच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. एकाच्या अपराधापायी सारी आळी वाळीत पडावी, तसा हा प्रकार आहे.

कायद्याचा आधार भारतात तुटपुंजाच राहिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा मूळ प्रेषकाविषयी फसवण्यासाठी पाठवलेल्या ई-मेलचा समावेश होता. परंतु नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे, फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले आणि अभिव्यक्तीवरील बंधनाबरोबर ई-मेलविषयीची ती तरतूदही गेली.

शिस्त लावण्याचे काम अशा रीतीने होस्टिंग कंपन्यांकडेच राहिले. प्रत्येक डोमेनला ताशी मेलची मर्यादा घालणे, घाऊक मेलसाठी वेगळा क्रमांक देणे, पासवर्ड फुटलेले खाते तत्काळ बंद करून तुंबलेली रांग रिकामी करणे आणि त्यानंतरच यादीतून नाव काढण्याचा अर्ज करणे, हा क्रम रूढ झाला. कोणत्या सर्व्हरला डोमेनच्या नावे मेल पाठवता येईल हे सांगणारी एसपीएफ नोंद आणि मेलवर सांकेतिक सही करणारी डीकेआयएम पद्धत यांची त्यात भर पडली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याची अट घातली. ज्या विश्वासावर १९८२ ची नियमावली उभी होती, तो आता पाठवणाऱ्याला रोज नव्याने सिद्ध करावा लागतो.