आडनावातलं गाव, नावातला पैगंबर

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर, नवगावकर. ही आडनावं कुणाची, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, कोकणातल्या हिंदूंची. कोकणातले आपले काही लोक म्हणतील, अशा धाटणीची आडनावं आमच्याकडेही आहेत. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पण यातलं प्रत्येक आडनाव बेने इस्रायली घरांतही आहे, आणि तिथे ते निव्वळ आडनाव राहत नाही. ज्या समाजाकडे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे स्वतःचे लेखी कागद फारसे नाहीत, त्याचा अर्धा इतिहास या 'कर'मध्ये साठवलेला आहे.

हा विषय मी इथे का घेतला, तेही सांगते. आज 'यहुदी' शब्द कानावर आला की आपल्या मनात सगळ्यात आधी गाझाच्या बातम्या येतात. तिथली पोरकी मुलं पाहून जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. पण त्या रागात अलिबाग, पेण, रोहा, ठाणे इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसांची ओळख पुसली जाते. 'बेने इस्रायल' हे नाव 1948 साली झालेल्या देशावरून पडलेलं नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक या किनाऱ्यावर स्वतःला याच नावाने ओळखत होते. आणि हे नाव आपल्याला परकं नाही. कुरआनात 'बनी इस्राईल' वारंवार येतं. सतराव्या सूरहचं एक नावच बनी इस्राईल आहे.

त्यांची मूळ कथा अशी. पश्चिमेकडून आलेलं एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावलाच पुरलं. ते दफनस्थान तिथे आजही आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी, म्हणजे सब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ही घटना इ. स. पू. 175च्या सुमाराची, असा अंदाज हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी बांधला. बेने इस्रायलांचा पहिला मोठा इतिहास त्यांचाच. 1897मध्ये लिहून झालेलं हे पुस्तक 1937 साली तेल अवीवमध्ये छापलं गेलं. तेव्हा लेखक हयात नव्हते. त्यांच्या आडनावातलं किहीम हे अलिबाग तालुक्यातलंच गाव.

चौदा माणसांच्या या कथेचा नाद ओळखीचा वाटतो. चित्पावनांच्या दंतकथेत समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली चौदा प्रेतं परशुराम जिवंत करतो. आपल्या कोकणी मुसलमानांतही हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून गलबतात बसलेल्या अरब पूर्वजांची गोष्ट आहे. एकाच किनाऱ्यावरच्या तीन समाजांना आपण समुद्रातून आलो असं वाटतं. अशा कथेतून तारीख काढायला जाऊ नये. आपण मुळात कोण, हे माणसांना कसं आठवून ठेवावंसं वाटलं, तेवढं तिच्यातून कळतं.

आता नावांकडे वळू. एखाद्या बेने इस्रायली घराला आपल्या पूर्वजांचा माग काढायचा असेल, तर पहिला धागा आडनाव. पेणमध्ये राहणाऱ्याला कुणी पेणकर म्हणत नाही, कारण तिथे सगळेच पेणचे. माणूस गाव सोडतो तेव्हा नव्या गावात त्याला जुन्या गावाचं नाव चिकटतं. म्हणजे हे आडनाव माणूस कुठे राहत होता यापेक्षा तो कुठून निघाला हे सांगतं. कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा, समोरच्या काठावर अष्टमी. दोन्ही ठिकाणची घरं मुंबईला गेली, तेव्हा एक रोहेकर झालं आणि दुसरं अष्टमकर. नदीचे दोन काठ असे आडनावांत टिकून राहिले. अशी शंभराहून जास्त आडनावं या समाजात नोंदली गेली आहेत. त्यांतली गावं नकाशावर मांडली तर बहुतेक जुन्या कुलाबा जिल्ह्यात आणि जंजिरा संस्थानात पडतात.

दुसरा धागा पहिल्या नावाचा. जुन्या नोंदींत ही माणसं सॅम्युएल, एझिकेल, मोझेस अशा नावांनी सापडत नाहीत. ती समाजी, हसाजी, मुसाजी, इसाजी, दाऊदजी अशी सापडतात. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल, इसाजी म्हणजे आयझॅक. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मला ही नावं उलगडायला इंग्रजीच्या दारातून जावं लागत नाही. मूसा, दाऊद, सुलैमान, याकूब, इसहाक ही आपल्या घरातलीच नावं. एझिकेलचं अरबी रूप हिज़्क़ील. त्यातला 'हिज़्' ऐकला की हसाजी कुठून आला असेल ते कानालाच कळतं. नाव पैगंबराचं आणि त्याला जोडलेला 'जी' मराठी मुलखाचा. शिवाजी, संभाजीच्या शेजारी मुसाजी सहज बसून जातो.

या दोन धाग्यांचा उत्तम नमुना म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत देशी अधिकारी होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. समाजात एक आख्यायिका सांगतात. कैद्यांची विचारपूस चालली असताना टिपूच्या आईने त्यांची कौम विचारली. 'बेने इस्रायल' हे उत्तर ऐकताच ती म्हणाली की या लोकांचा उल्लेख तर कुरआनात आहे, यांना जीवदान द्या. प्रसंग असाच घडला का, याचा निवाडा आख्यायिकेवरून होत नाही. पण एका यहुदी समाजाने आपल्या सुटकेचं श्रेय कुरआन जाणणाऱ्या मुसलमान बाईला द्यावं आणि ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगावी, हे मला मोलाचं वाटतं.

सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत सिनेगॉग बांधलं. त्याचं हिब्रू नाव शआर हारहमीम, म्हणजे रहमतीचं दार. इथेही 'रहम' आपल्या ओळखीचाच. बेने इस्रायल लोक मराठी बोलताना सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. म्हणून ही झाली जुनी मशीद. तिच्यासमोरचा रस्ता सॅम्युएल स्ट्रीट, आणि मशीद बंदर स्थानकाचं नावही याच मशिदीवरून पडलं असं मानलं जातं. त्यांच्या धर्मकार्य करणाऱ्या माणसांनाही 'काजी' म्हणत. परंपरेप्रमाणे हा मान झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांकडे होता. तेव्हा जुन्या कागदात 'काजी' किंवा 'मशीद' दिसली की तो मुसलमानांचा कागद, असं धरून चालणाऱ्याची वाट लगेच चुकते.

तिसऱ्या धाग्यावर मात्र गाठ बसते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी कोकणात आले. त्यांच्या शाळांतून या समाजाला हिब्रू आणि तौरात नव्याने भेटली. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. धर्म बळकट झाला, आणि त्यासोबत नावं बदलली. मुसाजीचा नातू मोझेस झाला. फौज, रेल्वे, टपाल, शाळा, इस्पितळं इथे नोकऱ्या लागल्या, तशी कित्येकांनी गावाची आडनावं मागे ठेवून बापाचं किंवा आजोबाचं नावच आडनाव म्हणून लावलं. डेव्हिड या नावाने सिनेमात गाजलेले, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, हे पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर फक्त डेव्हिड दिसतो, चौल दिसत नाही. डॉ. जेरुशा झिराड यांच्या घरात 'कर' गळला, पण झिराड गाव टिकलं. ज्या घरात दोन्ही गेलं, तिथे एझिकेलच्या मागे कुठलं गाव होतं हे शोधायला कबरीवरचा मराठी-हिब्रू मजकूर, सिनेगॉगातली लग्नाची नोंद, केतुबा म्हणजे त्यांचा निकाहनामा, किंवा जुन्या पलटणीच्या याद्या चाळाव्या लागतात. त्याच्याही मागे गेलं की कबरींवर अक्षरंच नसतात, नुसते दगड असतात.

सगळ्यात मोठी गोम पुढे आहे. यहुदी धर्मशास्त्रात माणूस यहुदी ठरतो तो आईवरून. आणि आडनाव चालतं बापावरून. आजीची आजी कुठल्या गावची, तिच्या माहेरचं नाव काय, हे ना आडनाव सांगतं, ना पलटणीची यादी. म्हणजे धर्माला जी बाजू हवी, नेमकी तीच कागदावर उतरलेली नाही.

हे नुसतं अभ्यासाचं कोडं नव्हतं. 1948नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी त्याच्या आई, आजी, पणजीची शक्य तितक्या मागपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी घाणा बंद ठेवून सब्बाथ पाळला, मुलांच्या सुंता केल्या, एका तेवढ्या प्रार्थनेच्या आधारावर शतकं काढली, त्यांना लग्नासाठी पणजीचा पुरावा मागितला गेला. ते रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. अखेर ऑगस्ट 1964मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत असं जाहीर केलं, आणि फर्मानातून त्यांचं नाव वगळावं लागलं.

पूर्वजांचे कागद दाखवा, नाहीतर तुम्ही आमचे नाही, हे वाक्य आपल्याला काही नवीन नाही. आपल्याही वस्तीत नावातल्या एका वेलांटीच्या फरकासाठी माणसं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात. म्हणून जेरुसलेमच्या रस्त्यावर बसलेल्या त्या मराठी माणसांचं दुःख आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. खुद्द बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या बायकांशी झालेल्या संबंधांतून ज्यांची घरं झाली असं मानलं जाई, ते काळे. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. धर्मपीठाने जो प्रश्न यांना विचारला, तोच प्रश्न यांनी आपल्यातल्याच काहींना पिढ्यान्‌पिढ्या विचारला होता. 2016मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतला यहुदी वारसा आणि भारतीय वारसा हे दोन्ही समाजभर मोठ्या प्रमाणात आढळले. सगळेच गलबतातून आलेले, आणि सगळेच इथल्या मातीतले.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? घराघरात जपलेला शजरा अरबस्तानात जाऊन पोहोचतो. वर जाताना त्यात इथल्या बायकांची नावं एकाएकी नाहीशी होतात. सय्यद, शेख म्हणवणारे जुलाह्याच्या, कसायाच्या घरी मुलगी देताना अडखळतात. सूरह हुजुरातची तेरावी आयत निकाहाच्या वअज़मध्ये कितीदा ऐकली असेल. कौमा आणि कबीले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपणा तर तक़व्यावर ठरतो, हा तिचा आशय. नसब ओळखीसाठी आहे. त्याचा चाबूक आपण केला.

म्हणून पूर्वजांची नावं शोधू नयेत, असं मी म्हणत नाही. उलट शोधावीत, आणि आपल्या आजी-पणजीपासून सुरुवात करावी, कारण त्यांचीच नावं सगळ्यात आधी पुसली जातात. माहेरचं गाव विचारावं, जुन्या निकाहनाम्यातली साक्षीदारांची नावं वाचावीत, दर्ग्याजवळच्या कबरीवरचं पुसट मराठी-उर्दू उतरवून घ्यावं. ज्याची त्याने आपुलकीने केलेली ही शोधाशोध माणसाला शेजाऱ्यापाशी नेऊन सोडते. तिथे समजतं की त्यांचा मलीदा एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आपल्या हज़रत इलियासच्या नावाने निघतो, आणि आपला मलीदा फातिहासाठी होतो. इस्रायलमध्ये गेलेल्या या लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. गाव सुटलं तेव्हा त्यांनी आडनावात गाव नेलं, आणि देश सुटला तेव्हा भाषा नेली.

आज या समाजाची थोडीच माणसं महाराष्ट्रात उरली आहेत. 2016 साली राज्याने यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. पुढच्या वेळी एखादा पेणकर किंवा रोहेकर भेटला, तर त्याची जात ताडत बसू नका. सरळ विचारा, गाव कुठलं आणि नाव कुणाचं. कदाचित गाव तुमच्याच तालुक्यातलं निघेल, आणि नाव तुमच्याच आजोबांचं.