कौलाचा गुन्हा

बांधकामाचे नियम इंग्रजानं आणले असं लोक म्हणतात. साफ खोटं. नियम गावात आधीपासून होते, फक्त कागदावर नव्हते. अस्पृश्यानं कौलारू घर बांधणं हा गुन्हा. त्याची वस्ती दक्षिणेला, कारण ती दिशा अशुभ. बाबासाहेबांनी गावच्या कायद्यांची जी यादी करून ठेवलीय तिच्यात हे दोन्ही आहेत. पाया किती खोल, भिंत ओळंब्यात आहे का, हे विचारायला कुणी आलं नाही. छप्पर गवताचंच आहे ना, एवढंच तपासलं. आपल्या वाट्याला आलेलं पहिलं बिल्डिंग कंट्रोल ते हे.

आणि गंमत बघा, ज्या गावकुसाबाहेर ठेवलं त्याची डागडुजी महारांकडंच. दगड वडारानं फोडायचा, माती आमच्या आज्या-पणज्यानं तुडवायची. हुनर होता. स्वतःच्या घराला लावायची बंदी होती.

मी मांडवगण फराट्याचा. भीमेकाठचा मुलूख, काळी माती. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् वरची भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून जुनी माणसं शेतीला काळी म्हणायची आणि गाव वसवायच्या जागेला पांढरी. पांढरीत ज्याला जागा नाही त्याच्या भिंतीला तडा का जातो, हे सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे?

इंग्रजाचा नियम आला तो प्लेगच्या भीतीनं. १८९६ ला मुंबईत प्लेग शिरला, १८९८ ला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कोंदट चाळी पाडायच्या, उजेडाच्या बांधायच्या. पाडल्या भराभर, बांधल्या सावकाश. माणसं दुसऱ्या कोंदट चाळीत जाऊन दाटली. पण ट्रस्टचा एक नियम मला आवडतो, साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी सोडायची, म्हणजे तळच्या खोलीत आभाळ दिसतं. उजेडाचं माप काढलं की हो! परळला ट्रस्टच्याच चाळीत, एक नंबरच्या, बाबासाहेब कित्येक वर्षं राहिले. मी सूतगिरणीत पाळी करतो. उजेडाचं मोल मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. सात हजारांवर माणसं गेली. भूकंपानं कमी, भिंतींनी जास्त. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे खडी नि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचा मातीचा बोजा. हादरा बसला तशी भिंत मधोमध उकलली. गवताच्या, कुडाच्या हलक्या झोपड्या मात्र पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, बघा, कूडच बरा होता. त्याला सांगा, कौल नाकारणाऱ्यानं भूकंपाचा विचार करून नाकारलं नव्हतं. आणि कूड पावसात गळतो, एका ठिणगीत पेटतो.

सरकारी नकाशात तो भाग तोवर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. १९९३ सालीच दगडमातीच्या घरांचं भारतीय मानक छापलं गेलं. भिंत दीड फुटाहून जाड नको, उंचीत दर दोन फुटांवर अन् लांबीत चार फुटांच्या आत एकेक आरपार दगड, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना फिरणारा पट्टा. सोपं आहे. गवंड्याला अर्ध्या दिवसात समजेल. पण हे त्याच्या भाषेत त्याच्या हातात किती ठिकाणी पडलं?

२०१६ च्या घरकुल योजनेत आपल्याकडं पंचवीस चौरस मीटरच्या घराला १ लाख २० हजार धरले होते. हप्ता फोटो बघून सुटायचा. फोटोत जोतं दिसतं, जोत्याखालची काळी दिसत नाही. पैसा तेवढाच, मग माणूस खोदाईत वाचवतो. त्याला दोष देणारे आपल्या बंगल्याचा पाया किती खोल गेला ते सांगत नाहीत.

चुलत्याच्या घरकुलाच्या वेळी मी चार दिवस खाडे केले. तीन फुटांवर गवंडी म्हणाला, बास. चुलता गप्प. मी पहार मारून बघितली, अजून काळीच. दोघं भाऊ उतरलो. साडेचार फुटांवर मुरूम लागला.