सलग ३४ पराभव : नॉर्थवेस्टर्नचा संघ आणि त्याचे चाहते

शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी इव्हान्स्टन हे शहर आहे. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ सप्टेंबर १९७९ ते सप्टेंबर १९८२ या काळात ओळीने ३४ सामने हरला. अमेरिकी विद्यापीठांच्या अव्वल गटात इतके सलग पराभव दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत.

हा संघ पहिल्यापासून दुबळा असता तर चाहत्यांना एवढे सलले नसते. १८९६ साली स्थापन झालेल्या ‘बिग टेन’ या मातब्बर विद्यापीठगटाच्या संस्थापकांत नॉर्थवेस्टर्न होते. १ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी कॅलिफोर्नियाला २०–१४ असे हरवून मानाचा रोझ बोल सामना जिंकला. आरा पार्सेगियन प्रशिक्षक असताना, १९६२ च्या हंगामात, संघ काही काळ देशात पहिल्या क्रमांकावर होता. पार्सेगियन पुढे नोटर डेम विद्यापीठाच्या संघाकडे गेले. १९७१ चा हंगाम चांगला गेला, त्यानंतर मात्र घसरण सुरू झाली. गटातली बाकीची विद्यापीठे तेव्हा सरकारी आणि अवाढव्य होती. नॉर्थवेस्टर्न तेवढे खासगी, लहान आणि प्रवेशाच्या बाबतीत कडक. १९७६ ते १९८१ या सहा हंगामांतल्या ६६ सामन्यांपैकी त्यांनी ३ जिंकले, एक बरोबरीत सुटला.

७ नोव्हेंबर १९८१ रोजी घरच्याच डाइक स्टेडियमवर मिशिगन स्टेटने त्यांना ६१–१४ असे धुतले. हा २९ वा सलग पराभव. २८ पराभवांचा जुना विक्रम मोडला. विद्यार्थी मैदानात घुसले, ‘आम्हीच सर्वांत वाईट’ अशा घोषणा देऊ लागले आणि त्यांनी गोलपोस्ट उखडले. अमेरिकेत मोठ्या विजयानंतर गोलपोस्ट पाडतात. इथे ते पराभवानंतर पाडले गेले. या थट्टेत संताप होता, तसा जिव्हाळाही होता. ज्याला संघाचे काहीच वाटत नाही, तो नोव्हेंबरात असला सामना शेवटपर्यंत पाहत बसत नाही. महामार्गावरच्या ‘इंटरस्टेट ९४’ या पाटीखाली कुणीतरी ‘नॉर्थवेस्टर्न ०’ असे रंगवले. वाचणाऱ्याला तो सामन्याचा निकालच वाटावा.

२५ सप्टेंबर १९८२ रोजी नॉर्दर्न इलिनॉयवर ३१–६ असा विजय मिळाला आणि मालिका तुटली. या वेळी गोलपोस्ट उपटून विद्यार्थ्यांनी ते थेट सरोवरात नेऊन टाकले. त्या हंगामात प्रशिक्षक डेनिस ग्रीन यांच्या संघाने ३ सामने जिंकले, पण दिवस पालटले नाहीत. विजयांची संख्या पराभवांहून जास्त असलेला हंगाम पाहायला चाहत्यांना १९९५ पर्यंत थांबावे लागले.

१९९२ पासून गॅरी बार्नेट प्रशिक्षक होते. १९९५ च्या पहिल्याच सामन्यात त्यांच्या संघाने नोटर डेमला त्यांच्या मैदानावर १७–१५ असे हरवले आणि पुढे १९३६ नंतर प्रथमच बिग टेनचे विजेतेपद मिळवले. १ जानेवारी १९९६ चा रोझ बोल सामना ते सदर्न कॅलिफोर्नियाकडून ४१–३२ असे हरले. पण त्या मैदानावर ते ४७ वर्षांनी उतरले होते.